मदत हवी आहे: पायकॉन इंडियासाठी टॉकचं प्रपोजल कसं लिहावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत राहते आणि एका छोट्या कंपनीसाठी घरून काम करते. आमचं सॉफ्टवेअर सार्वजनिक वाचनालयांसाठी आहे: पुस्तकांची यादी, सभासद, देवघेव, वर्गणी. मागे पायथन ही प्रोग्रामिंग भाषा आणि जँगो हा तिच्यातला वेब फ्रेमवर्क, डेटा जवळजवळ सगळा मराठी. यंदा पायकॉन इंडियाला, म्हणजे भारतातल्या पायथनवाल्यांच्या कॉन्फरन्सला, टॉक द्यावा असं मनात आहे, पण प्रपोजल लिहायला बसलं की गाडी अडते. आत्तापर्यंत जे जमलंय ते इंग्रजीत आहे, इथे मराठीत देते:

"पायथन ही आज जगातली अत्यंत लोकप्रिय भाषा आहे. भारतीय भाषांचं डिजिटल महत्त्वही दिवसेंदिवस वाढत आहे. या टॉकमध्ये आपण युनिकोड म्हणजे काय, पायथन ३ मधली स्ट्रिंग, एन्कोडिंग, नॉर्मलायझेशन, सॉर्टिंग, सर्च, जँगोमधले अनुभव आणि भविष्यातल्या दिशा पाहू."

विषय फारच किरकोळ आहे का? माझ्या नावावर एकही ओपन सोर्स लायब्ररी नाही, मोठ्या कंपनीचा शिक्का नाही. असल्या माणसाचं प्रपोजल कुणी वाचतं का? आणि कंपनीला आधी विचारायचं की निवड झाल्यावर? इंग्रजी लिहिता येतं, बोलताना मात्र अडखळते. टॉक तीस मिनिटांचा आहे.

---

अर्धविराम

दोन-तीन कॉन्फरन्सची प्रपोजलं तपासली आहेत, त्यामुळे तपासणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

पहिली दोन वाक्यं उडवा. पायकॉनला आलेल्यांना पायथन लोकप्रिय आहे हे सांगणं म्हणजे पंढरपुरात जाऊन विठोबाची ओळख करून देणं. तिसरं वाक्य म्हणजे अनुक्रमणिका झाली. त्यातला युनिकोडचा धडाच अर्धा तास खाईल, आणि ते वाचणाऱ्याला लगेच कळतं. समोर प्रपोजलांचा ढीग असतो. हातातल्या एकासाठी तो स्वतःला दोनच गोष्टी विचारतो: हॉलमधून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हाती काय लागेल, आणि हे दिलेल्या वेळात बसेल का.

तुमच्या परिच्छेदात वाचनालयाचा साधा उल्लेखही नाही. तिथे नेमकं काय अडलं होतं?

---

कृष्णाकाठ

धन्यवाद! दोन गोष्टी अडल्या.

एक म्हणजे यादीचा क्रम. पायथनचं सॉर्टेड हे फंक्शन यादी युनिकोडच्या क्रमांकाने लावतं (युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असतो) आणि तिथे ळ येतो ल च्या लगेच मागे, व च्या आधी. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. त्यामुळे "काळ" ने सुरू होणारी पुस्तकं "काव्य" च्या आधी यायला लागली. ग्रंथपाल बाईंनी पहिल्याच दिवशी फोन केला की यादी चुकली आहे. मग वर्णमालेचा क्रम सांगणारं आमचंच फंक्शन लिहिलं.

दुसरी गोष्ट जास्त छळणारी. "दुसऱ्या" शोधलं की काही पुस्तकं सापडायची, काही नाही, आणि स्क्रीनवर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. शेवटी लेन() लावून लांबी पाहिली: एकाची ७, दुसऱ्याची ८. एकात ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह आणि य. वेगवेगळ्या कीबोर्डवरून डेटा भरला गेला होता. नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच मजकुराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, हेही करून पाहिलं: युनिकोडडेटाचं नॉर्मलाइज वापरून त्याचे एनएफसी आणि एनएफकेसी हे दोन्ही प्रकार केले, ढिम्म फरक नाही, कारण नॉर्मलायझेशनच्या लेखी ही दोन रूपं एक नाहीतच. आता सेव्ह करताना आणि शोधताना दोन्ही वेळा एका रूपाचं दुसऱ्यात रूपांतर करतो.

---

अर्धविराम

अहो ताई, मग प्रपोजल तयारच आहे! ७ आणि ८ वाला किस्सा पहिल्या वाक्यात घ्या.

बहुतेक ठिकाणी दोन वेगळे रकाने असतात. ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे टॉकचा सारांश, वेळापत्रकात छापलं जातं, ते प्रेक्षकांसाठी. चार-पाच वाक्यं पुरेत, आणि उत्तर राखून ठेवलं तरी चालतं. आयोजकांसाठीच्या टिपा मात्र फक्त निवड समिती वाचते. तिथे काहीही लपवू नका. उत्तर काय, कोड किती दाखवणार, कुठल्या भागाला किती मिनिटं, सगळं लिहा. "शेवट उत्कंठावर्धक आहे, टॉकमध्येच कळेल" असं समितीला लिहिणारे लोक मी पाहिलेत. समितीला उत्कंठा नको असते, खात्री हवी असते.

शिक्क्याबद्दल: पुष्कळ कॉन्फरन्समध्ये पहिल्या फेरीत वक्त्याचं नाव झाकलेलं असतं. रुबीवाल्यांच्या अमेरिकेतल्या कॉन्फरन्समध्ये ही पद्धत चांगली रुळली होती. तेव्हा ॲबस्ट्रॅक्टमध्ये स्वतःचं किंवा कंपनीचं नाव घालू नका. तिथे तुमचं काम दिसलं पाहिजे.

---

खडूस

माझं मत वेगळं. सॉर्ट आणि सर्च दोन्ही घेऊ नका. तीस मिनिटांतून प्रश्नोत्तरं वजा करा, माईक आणि लॅपटॉपची खटपट वजा करा, उरतं किती? सर्च घ्या. सॉर्ट एका स्लाइडवर उरकून टाका, नाहीतर लायटनिंग टॉकला, म्हणजे झटपट छोट्या टॉकला, ठेवा. तिथे पाच मिनिटं मिळतात आणि नाव बहुधा कॉन्फरन्समध्येच देता येतं.

आणि सॉर्टवर बोलायचंच असेल तर "आयसीयू का वापरलं नाही, स्वतःचं फंक्शन कशाला?" हा प्रश्न येणारच. आयसीयू ही युनिकोडची तयार लायब्ररी, पायथनसाठी तिचं पायआयसीयू आहे, त्यात मराठी लोकेल, म्हणजे मराठीचे नियम, आहे. उत्तर काहीही असो, ते टिपांमध्ये आधीच लिहा. समितीतही कुणीतरी खडूस बसलेला असतो.

बायोमध्ये "पॅशनेट" लिहिलंत तर मी स्वतः येऊन खोडेन.

---

अर्धविराम

@खडूस, सर्चच घ्यावं याला +१. मराठी न येणाऱ्यालाही तो भाग पटेल. डोळ्यांना सारखं पण संगणकाला वेगळं, हे बंगाली-मल्याळमवाल्यांनीही भोगलेलं असतं. ॲबस्ट्रॅक्टमध्ये तसं एक वाक्य हवं, नाहीतर वाचणारा "हे फक्त मराठीचं आहे" म्हणून पुढे सरकेल.

---

पेठेतला

कंपनीचं आधी विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या, तोंडी नको. निवड झाल्यावर नाव मागे घेणं आयोजकांना फार अडचणीचं जातं. स्लाइडवर खऱ्या सभासदांची नावं-पत्ते येऊ देऊ नका. पुस्तकांची नावं चालतील.

बोलण्याबद्दल: पुण्यात पायथनपुणेचे मीटअप होतात. सांगलीहून यायला जमलं तर तिथे एकदा तालीम करा. नाहीतर फोनवर दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून स्वतःच ऐका, त्रासदायक असतं पण उपयोग होतो. अडखळणं कुणी मोजत नाही. मागच्या पायकॉनचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत, त्यातले आवडलेले टॉक निवडा आणि त्यांची ॲबस्ट्रॅक्टं व्हिडिओशी ताडून पाहा. काही वर्षं पायकॉन इंडियाची प्रपोजलं जंक्शन नावाच्या साइटवर सगळ्यांसमोर असायची, खाली लोक शंका विचारायचे, मतं द्यायचे. तिथे शेवटच्या रात्री टाकलेलं प्रपोजल लगेच ओळखू यायचं, कारण त्याखाली कुणी काही विचारलेलंच नसायचं.

(पायकॉन इंडिया २००९ मध्ये बंगळुरूत सुरू झाली आणि २०११ ची आपल्या पुण्यात होती, सेनापती बापट रस्त्यावर. रेमंड हेटिंजर आले होते. पुन्हा कधी येणार पुण्यात कोण जाणे.)

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. सरांना ईमेल टाकली आहे. नवीन मसुदा:

"दोन शब्द. स्क्रीनवर सारखे, उच्चार सारखा, अर्थ सारखा. पायथनच्या लेखी एकाची लांबी ७, दुसऱ्याची ८. यामुळे आमच्या वाचनालयांत असलेली पुस्तकं शोधून सापडत नव्हती आणि नॉर्मलायझेशननेही प्रश्न सुटला नाही. हा फरक कुठून येतो, तो आपल्या डेटात आहे का हे कसं ओळखायचं, आणि जुन्या नोंदी न बिघडवता तो कसा मिटवायचा, हे मराठीच्या उदाहरणावरून पाहू. असे जुळे शब्द इतर भारतीय लिप्यांतही असतात. तुमच्या भाषेत ते शोधायची छोटी स्क्रिप्ट सोबत मिळेल."

लेव्हल "इंटरमीजिएट" टाकलीय. टिपांमध्ये मिनिटांची वाटणी अशी: समस्या ५, कारण ७, शोधायची स्क्रिप्ट ६, दुरुस्ती ७, प्रश्न ५. सॉर्ट पूर्ण काढलं.

---

खडूस

बरं आहे. "बिगिनर" टाका. स्ट्रिंग आणि लेन() माहीत असलेल्या कुणालाही हे कळेल, इंटरमीजिएट वाचून नवी मुलं येणार नाहीत. "छोटी स्क्रिप्ट सोबत मिळेल" असं छापताय तर ती आजच लिहून ठेवा आणि लिंक टिपांमध्ये द्या. शीर्षक कुठे आहे?

---

कृष्णाकाठ

"सारखे दिसतात, सापडत नाहीत: देवनागरी सर्चची गोष्ट". इंग्रजीत काय करू?

---

अर्धविराम

"गोष्ट" काढा, "पायथन" घाला. इंग्रजी शीर्षक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रात्री बघतो.