वारी: सुट्टी आठ-नऊ दिवसांची, आळंदीतून निघू की मधेच गाठू?

नेरूळची_सून:
नमस्कार माऊली. यंदा म्हणजे २०२६ ला अधिक महिना आल्यामुळे आषाढी २५ जुलैला आहे, तोपर्यंत लेकीची शाळा रुळलेली असेल म्हणून पहिल्यांदाच चालायचं ठरवलंय. प्रॉब्लेम सुट्टीचा, आठ दिवस मिळतायत, फार तर ओढूनताणून नऊ. सासरे दोनदा आळंदीपासून चालत गेलेत, त्यांचं म्हणणं प्रस्थान बघितलं नाही तर वारी कसली. कोपरखैरण्याची मैत्रीण म्हणते देहूहून तुकोबांच्या पालखीबरोबर जा, रस्ता सपाट आहे. वय ४३, गुडघे ठीक आहेत पण रोजचं चालणं म्हणजे सीवूड्स स्टेशन ते घर. बॅग, झोपणं, टॉयलेट याबद्दलही प्लीज मोकळेपणाने सांगा, घरात कोणी धड सांगत नाही.

घोडबंदरवाला:
सपाट?? रोटी घाट विसरल्या वाटतं मैत्रीण 😄 पण खरंय, आळंदीच्या वाटेवरच्या दिवे घाटाइतका तो अंगावर येत नाही. तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर, अकलूज अशी जाते, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण असतं ते एकदा बघाच. पण पहिल्यांदा असेल तर आळंदीच धरा. ज्ञानोबा-तुकारामचा गजर आणि प्रस्थानाला नाचणारे टाळकरी, तो दिवस आयुष्यभर पुरतो.

पारसिक_हिल:
वरच्यांना हात जोडून सांगतो, आठ दिवसांत आळंदीहून निघालात तर पोचता कुठे ते मोजा. प्रस्थानाची रात्र आळंदीत, मग पुणे, पुण्यात दुसरा दिवस थांबा, मग सासवड, तिथेही एक दिवस थांबा, जेजुरी, वाल्हे, आणि आठव्या दिवशी लोणंद. म्हणजे परत फिरलात की पहिलं रिंगण दुसऱ्या दिवशी! उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून माऊलींचा घोडा धावतो ते, चांदोबाच्या लिंबाला असतं, लोणंद सोडल्यावर. मी २ वर्षं असाच लोणंदहून घरी आलोय, दोन्ही वेळा रिंगण टीव्हीवर बघितलं. शिवाय पुणे-सासवड टप्पा तीसेक किलोमीटरचा, त्यात दिवे घाट आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी एकादशी, म्हणजे साबुदाणा खाऊन चढायचं.
त्यापेक्षा रात्री फलटण गाठा. बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, आठव्या दिवशी दशमीला पंढरपूर, नवव्याला एकादशी. पुरंदवडे, खुडूस, ठाकूरबुवा, बाजीरावाची विहीर, सगळी गोल रिंगणं याच पट्ट्यात. मात्र तिथी कमीजास्त झाली की मुक्काम सरकतो, त्यामुळे संस्थानाचं वेळापत्रक हातात आल्यावरच रजा टाका.

घोडबंदरवाला:
मान्य, पण आळंदीच्या बाजूने एक मुद्दा. पाय गेले तर जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद सगळीकडे रेल्वे स्टेशन आहे, गाडी धरा आणि पुण्याला या. माळशिरसला पाय गेले तर एसटी किंवा दिंडीचा ट्रक.

विठूची_रखमा:
ताई, रूट नंतर बघा, आधी दिंडी. मी ठाण्याहून ११ वाऱ्या केल्यात. पहिली एकटी केली, रात्री कुणाच्या ओसरीवर भिजत बसले, नंतर एका दिंडीत भिशी, म्हणजे जेवणा-राहण्याचे पैसे, भरले. दिंडीत गेलं की बॅग ट्रकमधे, बायकांचा तंबू वेगळा, जेवण वेळेवर. फसवणूकही होते बरं, एका वर्षी आमचा ट्रक रात्री अकराला आला आणि तंबू ओले, दिंडी कोणती ते सांगत नाही. म्हणून आधी विचारा ट्रक किती, एका तंबूत बायका किती, टॉयलेटची सोय काय, मधे फलटणला जॉईन झालं तर चालेल का. काही दिंड्या सरळ नाही म्हणतात. टॉयलेट म्हणाल तर फिरती असतात पण रांग लागते, पहाटे तीनला उठणारी बाई सुखी. पाळी येणार असेल तर तंबूतल्या बायकांना सांगून टाका, सगळ्या सांभाळून घेतात.
चालायचं असेल तर आत्तापासून पारसिक हिल चढा, नेरूळच्या ज्वेल बागेतल्या फेऱ्या सपाट आहेत, त्याने काही होत नाही. तेही वापरलेल्या चपलेत, नवीन बूट घालून येणारे बरडलाच फोड मोजत बसतात.
आणि एकादशीला पायावर डोकं ठेवायचा हट्ट नको, रांग खूप मोठी असते. नामदेव पायरी आणि कळसाचं दर्शन घ्या.

नेरूळची_सून:
सगळं सासऱ्यांना वाचून दाखवलं. गोल रिंगणांच्या ठिकाणी थांबले, म्हणाले परत वाच. मग म्हणाले प्रस्थान टीव्हीवर बघू, फलटणला मी पण येतो. वय ७१ आहे, शुगर आहे, सासूबाई आत्तापासून चिडल्यात. रखमाताई, तुमच्या दिंडीत एक जागा बायकांच्या तंबूत आणि एक पुरुषांच्या मिळेल का? आणि चालवलं नाही तर ट्रकमधे बसू देतील का त्यांना, ते पण विचारून ठेवा. त्यांना मात्र मी हे विचारलंय असं सांगू नका.