सीमाभागातली विशेष मुलं, शाळा आणि कागद : अनुभव धागा

बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या भागातल्या विशेष मुलांच्या आईबापांनी शाळेचा अनुभव लिहावा, म्हणून हा धागा. थेरपी, औषधं, पथ्यं यावर आपण एरवी बोलतोच. इथे फक्त शाळा आणि कागद. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला एप्रिल २०१७ ला. आधीच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. पण जूनमध्ये ऑफिसच्या खिडकीशी उभं राहिलं की उत्तर ठरलेलं, "वरून सर्क्युलर आलेलं नाही." शाळेचं, दवाखान्याचं, साहेबांचं आणि मुलाचं नाव कुणी लिहू नये. सुरुवात मीच करतो.

वडगाव, बेळगाव. मुलगा आठवीत

मराठी माध्यम. बौद्धिक अक्षमता, सौम्य, दाखल्यावर ५० टक्के. बाजारहाटापुरता हिशेब येतो, मराठी सावकाश वाचतो. कन्नडचं पुस्तक उघडलं की हा पेन्सिलीला टोक करायला बसायचा. शार्पनरमधून साल न तुटता निघाली पाहिजे. तुटली की परत पहिल्यापासून. तेवढ्यात तास संपायचा. मॅडमना वाटायचं खोडी काढतोय.

कायद्याच्या कलम १७ मध्ये जादा वेळ आहे, लेखनिक आहे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूटही आहे. हे शेवटचं आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे, सांगा बघू. हेडमास्तर म्हणाले, "कन्नड सक्तीचं आहे, राज्याचा २०१५ चा कायदा आहे. मी सूट दिली आणि उद्या कुणी तक्रार केली तर?" त्यांची भीती खोटी नव्हती. आपल्या गावात भाषेचा विषय निघाला की माणसं आधी दुकानाच्या पाटीकडे बघतात, मग पोराकडे. म्हणून अर्जात मी 'कन्नड' हा शब्दच येऊ दिला नाही. केंद्राच्या कायद्याचं कलम १७ या मुलाला लागू करावं, एवढंच लिहिलं, सोबत यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, झेरॉक्स. बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसातल्या क्लार्कनंच मसुदा कन्नडमध्ये नीट करून दिला, स्वतःच्या पेननं. त्यांच्या बहिणीची मुलगी अशीच आहे, असं नंतर कळलं. आता एका भाषेचं तोंडी घेतात, दुसरीला लेखी नाही.

मध्येच पाचवी, आठवी, नववीला बोर्डासारख्या परीक्षा निघाल्या, प्रकरण २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. परीक्षा आहे की नाही हे मास्तरांनाच कळेना, तिथं पोराला काय सांगणार? ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य शिक्षण धोरण आयोगानं शाळेत तीनऐवजी दोनच भाषांची शिफारस केली. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, तिच्या भरवशावर अर्ज थांबवू नका.

जांबोटी भाग, खानापूर तालुका. मुलगी चौथीत

मी शाळा सातवीपर्यंतच शिकलो. आमच्याकडं बायकाही 'शिकलो, गेलो' असंच बोलतात, शहरातल्यांनी हसू नये. लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे. चालत नाही, बोलणं मला आणि तिच्या आज्जीला कळतं, पण डोकं तल्लख आहे. पहिलीला घालायला गेलो तर सर म्हणाले, "अक्का, तुमच्या मुलीला घरी शिकवायची सोय सरकारनं केलीय. कशाला त्रास घेता?"

घरी शिकवायची सोय आहे हे खरं. तालुक्याच्या बीआयईआरटी मॅडम, म्हणजे विशेष मुलांच्या शिक्षिका, घरी येतात, चांगल्या आहेत. पण त्यांच्याकडं किती गावं! आणि त्यात आमच्याकडचा पाऊस. जुलैत ओढ्याला पाणी आलं की गाडीच अलीकडं येत नाही. मॅडमनीच मला सांगितलं की घरी शिकायचा हक्क जास्त त्रास असलेल्या मुलांसाठी आहे, शिक्षण हक्क कायद्यात २०१२ ला घातलाय, पण तो मागायचा आईबापानं. शाळेनं द्यायची ती शिक्षा नव्हे.

आमच्या पंचायतीचे व्हीआरडब्ल्यू, म्हणजे गावातल्या दिव्यांगांचं काम बघणारे कार्यकर्ते, स्वतः कुबडीवर चालतात. ते माझ्याबरोबर शाळेत आले, खुर्चीवर बसले, कुबडी टेबलावर ठेवली आणि कन्नडमध्ये जे बोलायचं ते बोलले. मला अर्धंच समजलं. लेकीचं नाव त्याच दिवशी पटावर लागलं.

रॅम्प पण झाला. इतका उभा, की पावसाळ्यात शेवाळ धरलं की कोंबडीसुद्धा वर जात नाही. वर्गातल्या पोरी तिला उचलून नेतात. बेळगावला तपासणीला जायचं तर बायकांना सरकारी बस फुकट, त्या शक्ती योजनेमुळं माझं तिकीट लागत नाही, पण रिक्षावाला ते वसूल करतो की.

निपाणी. मुलगा सहावीत

आमचं प्रकरण अक्षरांचं. डिस्लेक्सिया दिव्यांग कायद्यात आलाय, पण दाखला वयाची आठ वर्षं झाल्याशिवाय मिळत नाही. तोवर 'आळशी' हे नाव पक्कं झालेलं असतं. शाळेत एक, भावकीत दुसरं.

तपासणीला नेलं तर उतारा वाचायला दिला इंग्रजी, मग कन्नड. पोरगा मराठी माध्यमाचा. मी म्हटलं, मॅडम, यानं चुका केल्या तर त्या आजाराच्या की भाषेच्या, हे तुम्हाला कसं कळणार? त्या भल्या बाई होत्या. म्हणाल्या, "मराठीतली चाचणी माझ्याकडे नाही, तुम्ही कोल्हापूरला जा." गेलो. तिथं मराठीत तपासणी झाली, दाखला मिळाला. इकडं शाळेचं उत्तर, "महाराष्ट्राचा कागद कर्नाटकात चालत नाही."

रेशन कार्डापासून उसाच्या बिलापर्यंत हे वाक्य आपण ऐकत आलोय, म्हणून बरेचजण तिथंच मागं फिरतात. फिरू नका. याच कायद्याचं कलम ५८ सांगतं की अपंगत्वाचा दाखला देशभर चालतो. कलमाचा कन्नड उतारा छापून घेतला आणि हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला, वाद घातला नाही. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला आणि "फाइलला लावा" म्हणाले.

टिळकवाडी. मुलगी तिसरीत

आमच्या मुलीचा बुद्ध्यंक सीमारेषेवर. दाखल्यावर आकडा २५ टक्के. ४० च्या आत म्हणजे यूडीआयडीचं पांढरं कार्ड. पेन्शन नाही, सवलत नाही. नातेवाइकांच्या लेखी ती नॉर्मल, शाळेच्या लेखी ढ. तिच्यापेक्षा जास्त त्रास असलेल्यांना काही मिळू नये असं मी म्हणत नाही. पण मधल्या मुलांनी जायचं कुठं?

*(वडगाव) :* ताई, ४० ची अट मोफत शिक्षणाच्या हक्काला आणि आरक्षणाला आहे. भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, गरजेप्रमाणे सोय करायची, हे कलम १६ सांगतं, आणि तिथं टक्क्यांची अट नाही. पुढे बसवा, प्रश्न वाचून दाखवा, जादा वेळ द्या, एवढं तरी पांढऱ्या कार्डावर मागा.

*(टिळकवाडी) :* मागते. पण 'इतर पालकांना काय सांगू' याचं उत्तर कुठल्या कलमात आहे?

अथणी. मुलगा, ऑटिझम

थोडक्यात लिहितो, दुकानात आहे. खासगी शाळेनं प्रवेश दिला, पण अट घातली की सोबतीला बाई तुम्ही ठेवायची, पगार तुम्ही द्यायचा, फी पूर्ण. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ ला सांगितलंय की प्राथमिकला अशा दहा मुलांमागं एक विशेष शिक्षक हवा, वरच्या वर्गांना पंधरामागं एक. मार्च २०२५ ला राज्यांना परत बजावलं की पदं काढा. पदं निघतील तेव्हा निघतील. तोवर माझी धाकटी बहीण बीएड सोडून भाच्याशेजारी बाकावर बसते. तिला पगार मी देतो, तो ती त्याच्याच खेळण्यांवर घालवते.

शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांचं विचारू नका. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगीत आरटीईची जागा नाही, असा नियम राज्यानं केल्यापासून आमच्या वॉर्डात तो रस्ता बंदच झालाय.

कागवाड तालुका. मुलगी नववीत, कर्णबधिर

वरचं सगळं वाचलं. सगळेजण साध्या शाळेसाठी भांडतायत, माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. मुलीला गावच्या मराठी शाळेत तीन वर्षं बसवली. सगळ्यांनी माया केली, कुणी शिकवलं नाही. मास्तर फळ्याकडे तोंड करून बोलणार, ही त्यांच्या पाठीकडे बघणार. शेवटी कर्णबधिरांच्या निवासी शाळेत घातली. शाळा शेजारची की विशेष हे निवडायचा हक्क दिव्यांग कायद्याच्या कलम ३१ नं आपल्याला दिलाय, तर विशेष शाळा निवडणं म्हणजे हार मानणं असं का धरायचं?

तिथं शिक्षण कन्नडमध्ये. सोडताना तिची आई फार रडली, पोरगी परकी होणार म्हणून. झालंही थोडं तसंच. सुट्टीत आली की खुणांनी बोलते, अडलं की लिहून दाखवते, आणि ते लिहिलेलं कन्नडमध्ये! घरात कन्नड वाचणारं कुणी नाही. मग शेजारच्या किराणा दुकानदाराला दाखवायचं, "अण्णा, काय म्हणते बघा हो." एकदा चिठ्ठीत होतं, 'भाजीत मीठ जास्त आहे.' दुकानभर हसू.

आता उलटं झालंय. नाडकचेरीची (महसूल ऑफिसची) नोटीस आली, लाइट बिल आलं की आम्ही तिच्या सुट्टीची वाट बघतो. ती वाचते, मग पैसे किती आणि कधीपर्यंत ते बोटांवर सांगते. वडगावच्या सरांनी सूट मागितली ते त्यांच्या मुलासाठी बरोबरच आहे. माझ्या मुलीला सूट दिली असती तर तिच्या हातात काहीच राहिलं नसतं. म्हणून म्हणतो, नमुना अर्ज सगळ्यांनी एकसारखा उतरवू नका, आपलं मूल बघून लिहा.

उचगाव

अर्ज कसा लिहायचा, कुणी सांगेल का? माझा मुलगा नववीत आहे, ५० टक्के. शाळेत तोंडी विचारलं की दर वेळी "नाळे बन्नी", उद्या या.

*(वडगाव) :* तोंडी विचारूच नका. अर्ज हेडमास्तरांच्या नावे, प्रत बीईओंना. पहिल्या ओळीत मुलाचं नाव, इयत्ता, यूडीआयडी नंबर. दुसऱ्यात कायद्याचं नाव आणि कलम १६, १७. तिसऱ्यात नेमकं काय हवं ते : जादा वेळ, लेखनिक, कुठल्या भाषेतून सूट, वर्ग खालच्या मजल्यावर, जे असेल ते. 'मदत करावी' असं मोघम लिहू नका, त्यावर मदत होत नाही. कागवाडकरांचं खरं आहे, तिसरी ओळ ज्याची त्यानं लिहावी. कन्नड प्रत वर, मराठी खाली. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. शिक्का नाकारला तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवा. उत्तरच आलं नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, तिथं हीच पोच लागते. दहावीचा फॉर्म भरायची वेळ येईपर्यंत थांबू नका, आत्ता नववीतच द्या. सोमवारी जा, बीईओ ऑफिसला मी बरोबर येतो.