वॉशिंग मशीनखाली पाणी साचतंय : मेकॅनिकला बोलावण्याआधी घरी काय बघावं?

ओलीफरशी
नमस्कार मंडळी. आमचं फ्रंट लोड मशीन आहे, वॉरंटी केव्हाच संपली. हल्ली प्रत्येक धुण्यानंतर पुढच्या डाव्या पायाशी पाणी दिसतं. फार नाही, एक पोतेरं भिजेल इतकं. नेमकं केव्हा गळतं ते ठाऊक नाही, कारण मशीन लावलं की आम्ही आपापल्या कामाला लागतो. एका मेकॅनिकने फोनवर, न बघताच, "दाराचं रबर गेलंय, बदलावं लागेल" असं सांगून टाकलं. रबर तर धडधाकट दिसतंय. घरी कसं तपासायचं? आणि कुठपर्यंत आपण हात घालावा? पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आहे आणि वापरताही येतो.

घाईतला
रबरच असणार. नव्वद टक्के वेळा तेच असतं. बदला आणि मोकळे व्हा.

पानापक्कड
घाईतला, हे नव्वद टक्के कुठून आणलेत? :)
ओलीफरशी, रबराला इतक्यात हात लावू नका. पाणी कुठे साचलं यावरून काहीही ठरत नाही. आत कुठेही गळलं तरी ते बुडाच्या पत्र्यावरून उताराकडे जातं आणि जो पाय किंचित खाली असेल तिथे बाहेर पडतं. बघायचं ते हे, की पाणी *केव्हा* येतं.

फरशी आणि मशीनचं बूड कोरडं पुसा, खाली वर्तमानपत्राचे कागद सरकवा. कपडे नाहीत, साबण नाही, असं रिकामं मशीन छोट्या प्रोग्रामवर लावा आणि टॉर्च घेऊन तिथेच बसा. कंटाळवाणं आहे, पण निम्मं निदान यातच होतं.

पाणी भरतानाच कागद ओला झाला तर संशय मागच्या इनलेट नळीवर, तिच्या दोन्ही सांध्यांवर आणि साबणाच्या ट्रेवर. ट्रेमध्ये पावडरचे खडे अडकले की पाणी पुढून ओसंडतं. नळीच्या सांध्यावर बरेच जण टेफलॉन टेप गुंडाळतात, तिचा इथे काही उपयोग नाही. पाणी आट्यांवर अडत नाही, नटाच्या आत बसलेल्या रबरी वायसरवर अडतं. तो कडक झाला असेल तर नवा टाका, नट हाताने घट्ट करा आणि वर पान्याने जेमतेम पाव फेरा. त्याहून आवळलात तर मशीनकडचं प्लास्टिकचं तोंड तडकतं, मग अख्खा व्हॉल्व्ह बदला.

ड्रम फिरताना गळलं तर दाराचं रबर. घडी उलगडून तळाशी बोट फिरवा, केस, हेअरपिन, नाणं असं काहीबाही निघेल. दाराची काच कडेने पुसा, साबणाचा थर बसला की रबर नीट टेकत नाही. घडीत खालच्या बाजूला बारीक भोकं असतील तर ती मुद्दाम ठेवलेली असतात, फाटलं समजून बुजवू नका.

पाणी बाहेर फेकताना गळलं तर फिल्टरचं झाकण, पंप किंवा ड्रेन पाईप.

स्पिनला गळतंय, सोबत घरघर आहे, आणि ड्रम आतून वर उचलला की खटखट हलतो? मग मेन सील आणि बेअरिंग. हे घरी करायच्या फंदात पडू नका. काही मशीनचा बाहेरचा टब कारखान्यातच कायमचा जोडलेला असतो, तो उघडतच नाही.

फेसाळ
रिकाम्या मशीनला गळलं नाही आणि कपड्यांसकट गळलं, तर साबण बघा. टॉप लोडची किंवा हाताने धुवायची पावडर फ्रंट लोडमध्ये टाकली की फेस ट्रेमधून वर येतो आणि खाली त्याचं पाणी होतं. लोक पंपापर्यंत खोलून बसतात आणि दोष निघतो पावडरचा.

ओलीफरशी
बसलो टॉर्च घेऊन. भरताना कोरडं, ड्रम फिरताना कोरडं. पाणी फेकायला लागल्यावर मात्र कागद भिजला! रबर निर्दोष सुटलं म्हणायचं. आता पुढे?

पानापक्कड
छान. आता प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. नळही बंद करा.

पुढे खाली छोटं दार असतं, त्यात फिल्टर. गरम पाण्याचं धुणं नुकतंच झालं असेल तर निवू द्या. समोर पसरट ताट ठेवा, बाजूला बारीक नळी असेल तर आधी तिच्यातून पाणी काढा. झाकण हळूहळू फिरवा, एकदम उघडलं तर सगळं अंगावर. झाकणाच्या रबरी रिंगवर आणि आट्यांवर धाग्यांचा गाळ बसला असेल तर पुसा. रिंग चिरली असेल तर बदला.

इथे सगळं ठीक निघालं तर मागचं पॅनल काढा (काही मॉडेलमध्ये बुडाकडून जावं लागतं). पंपाला जोडलेल्या नळ्यांच्या क्लिपा बघा, मग ड्रेन पाईप सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोटांनी चाचपा. पंपाच्या अंगातूनच पाणी झिरपत असेल तर सील शोधत बसू नका, पंप अख्खाच बदलायचा. मशीन ओढताना दोघं जण लागा.

सेमीवाली
मध्येच घुसते, माफ करा. माझं सेमी-ऑटोमॅटिक आहे. धुवायच्या टबात पाणी थांबतच नाही, नळी खाली सोडलेली असली की हळूहळू सगळं निघून जातं. हाही पंप का?

पानापक्कड
ताई, तुमच्या मशीनमध्ये बहुतेक पंपच नसेल, नळी खाली सोडायची असेल तर पाणी आपसूकच जातं. टबाच्या तळाशी ड्रेन व्हॉल्व्ह असतो, त्याच्या रबरी बुचात दोरा किंवा बटण अडकलं की तो पूर्ण मिटत नाही. तो साफ करा. रबर आकसलं असेल तर नवीन बसवा. मोटारीजवळच्या कपॅसिटरला मात्र हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात करंट राहू शकतो.

ओलीफरशी
सापडलं! ड्रेन पाईप मागच्या पत्र्यातून जिथे बाहेर येतो तिथे पत्र्याची कड घासून घासून पाईपला सुईएवढं भोक पडलंय. पंप चालू झाला की बारीक चिळकांडी आतल्या बाजूला उडते आणि पाणी बुडावरून थेट पुढच्या डाव्या पायाशी. पाईप उद्या आणतो. तोवर टेप गुंडाळून धुणं लावलं तर चालेल का?

पानापक्कड
नाही. पन्हाळी पाईपवर टेप घट्ट बसत नाही, आणि आत शेजारीच वायरी आहेत. एक दिवस कपडे थांबतील.

नवा पाईप त्याच लांबीचा आणि तोंडाला त्याच मापाचा घ्या, पंपाकडची क्लिप आधी होती त्याच जागी बसवा. पत्र्याच्या कडेला प्लास्टिकचा जो खाचेचा तुकडा असतो तो निसटलेला असणार, तो परत बसवा, नाहीतर नवा पाईपही तिथेच घासेल. बाहेरचं टोक जमिनीपासून साधारण 60 ते 100 सेंटीमीटरवर ठेवा, तुमच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर तेच धरा. टोक फार खाली असलं की मशीन भरतानाच पाणी ओढलं जाऊन निघून जातं. आणि सांडपाण्याच्या पाईपमध्ये ते गच्च कोंबू नका, हवेला जागा राहू द्या.

घाईतला
बरं, रबर नव्हतं. :) फिल्टर मात्र तपासतो आता, आमचं मशीन हल्ली पाणी सोडायला फार वेळ घेतंय.