खालच्या दाढेच्या इम्प्लांटला ओपीजी पुरत नाही का?

कोथरूडची लेक: आईची (वय ६७) खालची डावी पहिली दाढ काढलेली आहे, तिथे इम्प्लांट बसवायचंय. ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या सपाट एक्स-रेत) हाड भरपूर दिसतंय, तरी कर्वे रस्त्यावरचे आमचे डॉक्टर म्हणतात, सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन) झाल्याशिवाय ड्रिलला हात लावणार नाही. आईला रेडिएशनची धास्ती. खरंच गरज आहे का?

स्कॅनवाचक: ताई, मी रोज हेच रिपोर्ट लिहिते. डॉक्टरांचं ऐका.

ओपीजीत हाडाची उंची दिसते, तीही मूळ मापापेक्षा वाढून. जाडी दिसतच नाही, आणि खालच्या दाढांपाशी धोका जाडीतच असतो. जिभेच्या बाजूला, लाळग्रंथी टेकते तिथे, हाड आत खचलेलं असतं. काहींना थोडं, काहींना इतकं की सरळ खाली गेलेलं ड्रिल हाड फोडून आतून बाहेर येईल. तिथली रक्तवाहिनी दुखावून तोंडाचा तळ सुजल्याच्या, श्वास अडल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. ओपीजीत मात्र तीच जागा भक्कम वाटते.

दुसरी गोष्ट, खालच्या जबड्याच्या हाडातल्या नळीतून जाणारी नस. तिला धक्का लागला तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते, कधी कायमची. म्हणून इम्प्लांटचं टोक आणि नस यांत निदान २ मिमी अंतर ठेवतात. काही जणांत नसेच्या नळीची कड पुसट असते. मग मी हनुवटीजवळच्या छिद्रापासून स्कॅनचा एकेक काप (पातळ छेद) मागे सरकत तिचा माग काढते. या कामात घाई मला सहनच होत नाही.

रेडिएशन जबड्याच्या नेहमीच्या सीटीपेक्षा बरंच कमी. फक्त तेवढ्याच भागाचा, लहान एफओव्हीचा (टिपलेल्या क्षेत्राचा) स्कॅन मागा. कानातलं, मंगळसूत्र, कवळी काढून ठेवा. यंत्र फिरताना आईंनी आवंढासुद्धा गिळू नये, चित्र हलतं.

सिंहगड रोडकर: बाबांच्या शेजारच्या दाढेला धातूची कॅप होती, स्कॅनभर पांढरे-काळे पट्टे आले. आणि हाड किती टणक तेही यात कळतं ना?

स्कॅनवाचक: पट्टे कॅपच्या उंचीला येतात, खाली नसेपाशी बहुधा स्वच्छ दिसतं. टणकपणाचा अंदाज येतो, पण सीबीसीटीतले करडेपणाचे आकडे सीटीसारखे भरवशाचे नसतात. त्यावर एकट्यावर विसंबू नका.

कोथरूडची लेक: आई तयार झाली! प्रिंट घेऊ की सीडी?

स्कॅनवाचक: डायकॉम फाइल्स (स्कॅनचा मूळ डिजिटल डेटा) घ्या, सीडीत किंवा पेनड्राइव्हवर. प्रिंटवरचे काप आम्ही निवडलेले असतात, डॉक्टरांना त्यांच्या कोनातून बघता आलं पाहिजे.