प्रीकास्ट बीमला डॉवेल जुळत नाही, कापून बीम बसवायचा का?

चाकण_साइट

नमस्कार मंडळी. चाकण एमआयडीसीत एका तळमजला अधिक एक अशा गोदामाच्या कामावर मी साइट इंजिनीअर आहे. सिव्हिलची डिग्री होऊन अडीच वर्षं झाली, पण प्रीकास्टचं हे पहिलंच काम. कॉलम आणि बीम यार्डात ओतून ट्रेलरने येतात, वर २०० मिमी जाडीचे हॉलो-कोअर, म्हणजे आतून पोकळ, स्लॅब बसतात. कॉलमला कॉर्बेल (बीम टेकवायला बाहेर काढलेले काँक्रीटचे खांदे) आहेत, प्रत्येक कॉर्बेलमधून २५ मिमीचा एक डॉवेल, म्हणजे उभी सळई, वर आलाय. बीमच्या टोकात ६० मिमीची उभी स्लीव्ह, म्हणजे डॉवेलसाठीचं भोक, आहे. क्रेनने बीम उतरवायचा, डॉवेल स्लीव्हमध्ये शिरला की बीम निओप्रीनच्या (रबरी) पॅडवर टेकतो, मग वरून ग्राऊट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरायचं. कागदावर फार सोपं आहे.

काल कडेचा एक एल-बीम (एका बाजूला स्लॅब टेकवायला पायरी असलेला) उतरवत होतो. एका टोकाचा डॉवेल अलगद शिरला, दुसरीकडे बीम डॉवेलच्या डोक्यावरच टेकला. टेप लावला तर डॉवेल ड्रॉइंगपेक्षा ३८ मिमी कॉलमकडे सरकलेला. स्लीव्हमध्ये चहूबाजूंनी जेमतेम १७ मिमीची मोकळीक, म्हणजे एखाद-दोन सूत इकडेतिकडे करून बसेल असंही नाही.

फोरमन म्हणाला, "साहेब, गॅस कटरने उडवून टाकू, बीम बसवू आणि भोकात ग्राऊट भरू. वरून काय दिसणार आहे? आणि स्लॅब बसले की अकरा टन वजन येतंय, बीम जातोय कुठे?" तो माणूस वाईट नाही, पंधरा वर्षं हेच काम करतोय. मी काम थांबवलं आणि बीम परत खाली स्लीपरवर ठेवला. तेव्हापासून प्रोजेक्ट मॅनेजरचे तीन फोन येऊन गेले, कारण क्रेन उभी आहे. ठेकेदाराचं म्हणणं, डॉवेल फक्त बीम जागेवर आणण्यासाठी असतो, बीम बसला की त्याचं काम संपलं.

हे खरं आहे का? आणि नसेल, तर उद्या सकाळी मी नक्की काय करू? डॉवेल तापवून वाकवता येईल का, असंही एकाने सुचवलंय.

यार्ड_मास्तर

डॉवेल कशामुळे सरकला ते मी सांगतो, वाकवण्याचं इथले जाणकार सांगतील. आमच्या यार्डात हे दोनदा झालंय. कॉर्बेलमधली सळयांची जाळी दाट असते. काँक्रीट खाली उतरावं म्हणून पोरं व्हायब्रेटरची सुई तिथेच जास्त वेळ धरतात. डॉवेल नुसता बाइंडिंग वायरने बांधलेला असला तर सुईचा धक्का लागून झुकतो, आणि ओल्या काँक्रीटमध्ये कुणाच्या लक्षात येत नाही. आम्ही आता साच्याच्या कडेला बोल्ट केलेली ८ मिमीची भोकाची प्लेट वापरतो. डॉवेल तिच्यातून वर येतो, काँक्रीट घट्ट झाल्यावरच प्लेट काढायची.

एक गोष्ट आजच करा. तो कॉलम कोणत्या साच्यातून निघाला ते विचारा. प्लेट नसली तर चूक एका कॉलमची नसते, त्या साच्यातून निघालेल्या सगळ्यांची असते.

उभारणीवाला

पोरा, बीम खाली ठेवलास ते फार चांगलं केलंस. क्रेन उभी राहिल्याचा खर्च ठेकेदाराचा, तो त्याचं बघेल.

तुझ्या फोरमनच्या अकरा टनांचाच हिशोब करू. कडेचा एल-बीम म्हणतोस. समजा तो ८ मीटर लांब आहे, उभा भाग ३०० मिमी रुंद, खालची पायरी १५० मिमी बाहेर. वजन साधारण ५ टन. त्यावर एकाच बाजूने १.२ मीटर रुंदीचे सहा स्लॅब. ६ मीटर गाळ्याचा एक स्लॅब दोन टनांचा, त्याचा अर्धा भार या बीमवर, म्हणजे सहा टन. पण हे सहा टन बीमच्या मधोमध येत नाहीत, पायरीवर येतात, मध्यापासून २५ सेंटीमीटर लांब. बीमचं वजन आणि स्लॅबचा भार एकत्र धरला तर सगळा जोर मध्यापासून साधारण १५ सेंटीमीटरवर पडतो. खालचा पॅड २५० मिमी रुंद असेल तर मध्यापासून साडेबारा सेंटीमीटरला संपतो. जोर पॅडच्या बाहेर गेला. म्हणजे अकरा टन वजन बीमला धरून ठेवत नाही, तेच वजन त्याला उलथवतं. तुझ्या ड्रॉइंगवरचे आकडे घालून हाच हिशोब पुन्हा कर आणि फोरमनला समोर बसवून दाखव.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आखातात एका पार्किंगच्या कामावर मी उभारणी बघत होतो. कडेच्या बीमचे डॉवेल जुळले होते, पण ग्राऊट भरायचं राहिलं होतं, खालचे टेकूही घाईत काढले होते. पहिले तीन स्लॅब ठेवले, काही झालं नाही. चौथ्याला पॅडची आतली कडा फुगून बाहेर आली. मी खालून ते बघितलं, काळं रबर बोटभर बाहेर आलेलं. ओरडेपर्यंत पाचवा स्लॅब टेकला होता. बीम आतल्या बाजूला वळला, दोन स्लॅब घसरून खालच्या मजल्यावर आले. एका रिगरचा, म्हणजे क्रेनचं ओझं बांधणाऱ्याचा, पाय मांडीत मोडला. त्याला स्ट्रेचरवर घेताना मी त्याचा बूट धरला होता. त्यानंतर मी ग्राऊटची क्यूब टेस्ट (ठोकळा फोडून ताकद बघतात ती) हातात आल्याशिवाय आणि डिझायनरची लेखी परवानगी असल्याशिवाय कडेच्या बीमचा टेकू काढू दिलेला नाही.

आता "बीम जातोय कुठे" याबद्दल. २०१२ च्या मे महिन्यात इटलीत एमिलिया भागात, मोदेना-मिरांदोलाच्या आसपास, दोन मोठे भूकंप झाले. तिथे प्रीकास्टचे कारखाने भरपूर. तो भाग बरीच वर्षं भूकंपाचा मानलाच जात नव्हता, त्यामुळे कितीतरी जुन्या शेडमध्ये बीम कॉलमवर नुसते टेकवलेले होते, घर्षणावर भरवसा ठेवून. जमीन वरखाली हलली की क्षणभर बीमचा भार हलका होतो आणि घर्षण कमी होतं, त्यातच आडवा धक्का बसतो. दोन कॉलम वेगवेगळे डुलले की बीम टोकावरून सरकतो. कॉलम उभे आणि छप्पर जमिनीवर, असे फोटो तेव्हा सगळीकडे आले होते. पहिला धक्का २० मे रोजी पहाटे चारच्या सुमारास बसला. दुसरा २९ मे रोजी सकाळी नऊला, तेव्हा लोक कामावर परत आले होते. आपल्याकडे भूकंपासाठीच्या आयएस १८९३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत पुणे झोन ३ मध्ये आहे, आणि कोयना झोन ४ मध्ये. आपण कोणत्या तोंडाने म्हणणार की बीम जात नाही?

वाकवायचं तर मुळीच नाही. टीएमटी सळईची ताकद तिच्या बाहेरच्या कडक थरात असते, तापवली की तो थर नरम पडतो. २५ मिमीची सळई एवढ्याशा उंचीत वाकवली तर मुळाशी काँक्रीटही फुटतं.

संरचना_ताई

मी डिझायनर आहे, तुमच्या कामाशी संबंध नाही. तेव्हा उपाय तुमच्या डिझायनरनेच द्यायचा, मी फक्त कुठे कुठे पाय घसरतो ते सांगते.

असा कॉर्बेल-डॉवेलचा सांधा आम्ही बिजागरीसारखा धरतो. बीमच्या टोकाचा वाक कॉलममध्ये जात नाही. आडवा भार कॉलमच्या बुडाशी असलेली पकड, शिअर वॉल (आडवा जोर घेणाऱ्या भिंती) आणि स्लॅबवरचं जाळीचं टॉपिंग (वरून ओतलेला काँक्रीटचा थर) घेतं, आणि तो भार बीममधून कॉलममध्ये पोचवायला हाच डॉवेल असतो. जिथे बीम-कॉलम एकसंध हवा असतो तिथे सांधा वेगळाच करतात: बीमच्या सळया बाहेर काढून कॉलमच्या गाभ्यात एकमेकींवर घ्यायच्या आणि तिथेच काँक्रीट ओतायचं, किंवा ग्राऊट भरलेल्या स्लीव्हने सळयांचे जोड करायचे. तुमच्याकडे ते नाही. तुमच्या सांध्याजवळ डॉवेलशिवाय दुसरं काही नाही.

पहिला मोह असा होतो की ड्रॉइंगच्या जागी नवं भोक पाडून केमिकलने नवा डॉवेल बसवू. ३८ मिमी अंतरात ते बसत नाही. जुनी सळई २५ ची, नवं भोक ३२ चं, मध्ये जेमतेम एक सेंटीमीटर काँक्रीट उरतं. ते ड्रिल करतानाच उडेल. दुसरा मोह बीममधली स्लीव्ह कोअर कटरने (हिऱ्याच्या दातांचं गोल कटर) मोठी करण्याचा. डॉवेल कॉलमकडे सरकलाय म्हणजे स्लीव्ह बीमच्या टोकाकडे वाढवावी लागेल, आणि तिथेच टोक फाटू नये म्हणून यू आकाराच्या सळया असतात. डायमंड कोअरिंग सळई बिनबोभाट कापतं. हॅमर ड्रिल निदान सळईवर अडतं, आवाज बदलतो, माणूस थांबतो. कॉर्बेलच्या वरच्या थरात जी मुख्य सळई आहे, तिच्यावरच अख्खा कॉर्बेल टांगलेला असतो. स्कॅनर फिरवल्याशिवाय तिथे कुठलंही ड्रिल नको.

बहुतेक वेळा शेवटी बाहेरून पोलादी अँगल देतात, कॉलममधून आरपार बोल्ट घेऊन. तो आडव्या भारासाठीही मोजायचा आणि बीम उलथण्यासाठीही. अँगल दिला की आगीचा विचार करा, उघडं पोलाद आगीत लवकर नरमतं. त्यावर काँक्रीट किंवा अग्निरोधक लेप हवाच. हे ड्रॉइंगवर लिहून घ्या, नाहीतर रंगाचा हात मारून लोक मोकळे होतात.

सांध्यांवर मी एवढं का बोलते तेही सांगते. १९८८ च्या ७ डिसेंबरला आर्मेनियात भूकंप झाला. लेनिनाकान शहरात प्रीकास्ट सांगाड्याच्या नऊमजली इमारती ओळीने कोसळल्या, आणि त्याच शहरात प्रीकास्ट भिंतींच्या इमारती उभ्या राहिल्या. काँक्रीट दोन्हीकडे कारखान्यातलंच. शिकत असताना मी ते फोटो शेजारी ठेवून बघितले होते.

चाकण_साइट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री फोरमनला घेऊन बसलो आणि एल-बीमचा हिशोब त्याच्याकडूनच वहीवर करून घेतला. आमचा पॅड ३०० चा आहे, पण पायरीही २०० ची, त्यामुळे जोर पॅडच्या बाहेरच जातो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, आधीच्या दोन साइटवर कापले होते. त्या साइट कुठल्या ते मी लिहून घेतलंय आणि कळवणार आहे.

आज सकाळी प्लायवूडची पट्टी कापून सगळ्या २२ कॉलमचे डॉवेल तपासले. ६ कॉलम चुकले, सगळे एकाच साच्यातले. त्यातले चार अजून यार्डातच आहेत.

एक शंका आहे. बाकीच्या गाळ्यांत ग्राऊट भरायचंय, दुपारी पारा ४० च्या आसपास जातो. कालच्या अवकाळी पावसात काही स्लीव्ह भरल्यात पण.

उभारणीवाला

आधी पाणी. नुसतं वरून बघू नकोस, टॉर्च मार आणि तार घालून बघ. तळाशी पाण्यासोबत सिमेंटचा गाळ बसलेला असतो, वर ग्राऊट छान दिसतं आणि डॉवेलच्या बुडाशी चिखल. पाणी शोषून काढ, हवेने फुंक.

ग्राऊट पहाटे सहा ते नऊ या वेळेत भर. बॅगा आदल्या रात्रीपासून सावलीत, पाणी थंड, आणि पाणी मोजूनच. दुपारी मिश्रण घट्ट झालं की पोरं वरून मगभर पाणी ओततात, तिथेच ताकद जाते. बॅगेवर जेवढी मिनिटं लिहिलीत तेवढ्यात संपेल एवढंच कालवायचं. पॅडच्या भोकातून खाली गळू नये म्हणून डॉवेलभोवती फोमची कडी घाल. एका दमात, एकाच बाजूने ओत, म्हणजे हवा दुसऱ्या बाजूने निघून जाईल. रोजच्या रोज क्यूब भर.

आणि ड्रॉइंगमध्ये एक्स्पान्शन जॉइंटची (उन्हाने फुगायला ठेवलेल्या फटीची) ओळ बघ. तिथल्या सरकत्या टोकाच्या स्लीव्हमध्ये ग्राऊट नसतं, बिटुमेनसारखं मऊ काहीतरी असतं. सवयीने सगळीकडे ग्राऊट भरलं की ऊन वाढल्यावर कॉर्बेलचा कोपरा फुटतो.

चाकण_साइट

पाच दिवसांनी लिहितोय. डिझायनर स्वतः साइटवर आले. यार्डातले चार कॉलम बाद झाले, नव्याने ओतणार, या वेळी प्लेट लावून. उभ्या असलेल्या दोन कॉलमना १५ मिमी जाडीचे अँगल आणि आरपार बोल्ट दिलेत, वरून काँक्रीटचं आवरण. बोल्टच्या जागा स्कॅनरने ठरवल्या, एक जागा ३० मिमीने बदलावी लागली कारण नेमकी सळई आड येत होती. जुना डॉवेल कापायची परवानगी डिझायनरने ड्रॉइंगवर सही करून दिली. अँगल आधी बसवून, बोल्ट कसून, मग बीम ठेवायच्या वेळीच तो कापला. एक्स्पान्शन जॉइंटला चार स्लीव्ह होत्या, आमच्या यादीत त्या ग्राऊटमध्येच धरलेल्या होत्या. त्या वेळेत सापडल्या.

कडेच्या बीमखाली टेकू आहेत. सात दिवसांचे क्यूब परवा फुटतील, त्यानंतर डिझायनरचं पत्र येईपर्यंत टेकूंना हात लावायचा नाही, असं फोरमनने स्वतः खडूने प्रत्येक टेकूवर लिहून ठेवलंय.