शेतावर राहून पोरांचं होमस्कूलिंग : पुस्तकं कोणती घ्यावी?

संत्रावाली (जुलैचा शेवटचा आठवडा)

नमस्कार मंडळी. आम्ही दोन वर्षांआधी नागपुरातला फ्लॅट भाड्यानं देऊन कळमेश्वर तालुक्यात सासऱ्यांच्या शेतावर राहायला आलो. साडेचार एकर आहे, त्यात दोन एकर संत्रा, बाकी कापूस आणि तूर, दोन गाई अन् थोड्या कोंबड्या. मुलगी ९ ची, मुलगा ६ चा. मुलगी इंग्लिश मीडियमला जात होती पण बस आख्ख्या तालुक्याला प्रदक्षिणा घालून जाते, सकाळी पावणेसातला निघायची ते संध्याकाळी पाचला घरी, अन् आली की दप्तरासकट झोपायची. शेवटी या जूनपासून शाळा बंद केली आणि घरीच शिकवून राहिली आहे.

आता माझी चूक सांगते, हसू नका. घाबरून एका ऍपवाल्या कंपनीचं पॅकेज घेतलं, २८ हजाराचं, तेही ईएमआयवर. घरी आलेला माणूस इतका गोड बोलला की सासूबाईंनी त्याला चहासोबत चिवडापण दिला. नेटवर्क फक्त गोठ्याच्या मागे विहिरीजवळ येतं, म्हणून पोरं टॅब घेऊन तिथे बसतात. एक दिवस झाडाचे भाग असा व्हिडिओ लागला होता, मुलगा थोडा वेळ पाहत बसला आणि म्हणतो, आई याच्या मुळ्यांना माती काऊन नाही लागली? त्या दिवसापासून टॅब कपाटात आहे. पैसे परत मागायला फोन केला की "तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" ऐकू येतं, अन् हप्ता मात्र ५ तारखेला बरोब्बर कटतो.

तर विचारायचं हे की घरी शिकवायला नेमकं काय घ्यायचं, मराठीतून शिकवू की इंग्लिशमधून, दोघांना एकाच वेळी कसं बसवायचं, आणि पुढे दहावीचं काय करायचं. दिवाळीच्या आसपास आंबिया बहाराच्या संत्र्यांचा तोडा सुरू झाला की माझे दोन महिने असेच जातात, तेव्हा अभ्यास होईल असं मला वाटत नाही. नणंद म्हणते पोरांना गुराखी बनवते का. जरा अनुभव असलेल्यांनी सांगा प्लीज.

हिंगण्याची आई

ताई आधी तो हप्ता बंद करा, बँकेत लेखी अर्ज द्या, तोंडी सांगून काही होत नाही.

माझ्यावाला मुलगा पाचवीनंतर घरी होता, आता एनआयओएसमधून, म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त विद्यालयातून, दहावी झाला, म्हणून सांगते. पहिलं वर्ष मीपण तुमच्यासारखीच होती, जे दिसेल ते विकत घ्यायची. फ्लॅशकार्ड, ऍबॅकस, पृथ्वीचा गोल, काय नाही. शेवटी कामी आलं ते बालभारतीचं पुस्तक, जे फुकटात आहे. त्यांच्या साइटवर सगळ्या इयत्तांची पीडीएफ मिळते, नेटवर्क असेल तिथून एकदा डाउनलोड करून ठेवायची आणि झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून स्पायरल करायची. गणिताचं पुस्तक मराठी आणि इंग्लिश दोन्ही माध्यमांचं घ्या, धडे तेच असतात, आधी मराठीतून समजून घ्यायचं मग तेच पान इंग्लिशमध्ये वाचायचं. माझा मुलगा अपूर्णांक म्हणजेच फ्रॅक्शन हे असंच शिकला, वेगळी शिकवणी लावली नाही. आतल्या क्यूआर कोडवर सरकारी दीक्षा ऍपचे व्हिडिओ आहेत, कधी चांगले कधी नुसतेच वाचून दाखवलेले, गरज पडली तर पाहा.

वाचायला किशोर मासिक. बालभारतीचंच आहे, १९७१ पासून निघते, जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत. आपल्याकडच्या पोरांना हिंदी येतेच, तर भोपाळच्या एकलव्यचं चकमक घ्या, त्यातली चित्रं पाहायलाच पोरं भांडतात. आणि अरविंद गुप्तांची साइट, खराट्याच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे अशा कचऱ्यातून खेळणी कशी करायची त्याचे व्हिडिओ आहेत, मराठी पुस्तकंपण भरपूर आहेत. सहा वर्षांच्याला यापेक्षा जास्त काहीच लागत नाही, खरंच.

दोघांना सोबत बसवायचं म्हणाल तर मी गोष्ट एकच वाचायची, मोठ्यानी लिहायचं अन् लहान्यानी सांगायचं. गणित मात्र वेगवेगळं. सकाळी दीड तास, बस्स. तोड्याच्या दिवसात सुट्टी द्या आणि मे महिन्यात शिकवा, उन्हात तसंही घराबाहेर कोण निघते.

दहावीची आत्ता काळजी करू नका. एनआयओएसच्या दहावीला १४ वर्षं पूर्ण लागतात, पाच विषय, मराठी माध्यम आहे, आणि सगळे विषय एकाच वेळी द्यायची जबरदस्ती नाही. मधला कागद हवा असेल तर त्यांच्याच ए, बी, सी लेव्हल आहेत, म्हणजे तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या. फॉर्म स्वतःच भरा, मधल्या एजंटाला पैसे देऊ नका.

रिटायर गुरुजी

ताई, राग मानू नका, पण मी थोडं उलट बोलतो. ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो.

२००९ चा आरटीई, म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा ६ ते १४ च्या लेकरांसाठी आहे. त्यात होमस्कूलिंग हा शब्दच नाही, म्हणजे सरळ बंदीही नाही अन् परवानगीही नाही. पण कलम १० मध्ये लेकराला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं लिहिलं आहे. शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे करायला आमच्यासारखेच मास्तर दारात येतात, तेव्हा गडबडून जाऊ नका, काय शिकवता त्याची वही दाखवा. उद्या परत शाळेत घालावं वाटलं तर त्याच कायद्यात वयानुसार वर्गात बसवायची सोय आहे, टीसी नाही म्हणून कोणी अडवू शकत नाही. आणि नवोदय विद्यालयाच्या सहावीचा विचार असेल तर पोरगी तिसरी, चौथी, पाचवी मान्यता असलेल्या शाळेत पाहिजे, हे आत्ताच ध्यानात ठेवा, नंतर माझ्याकडे रडत आलेले पालक मी पाह्यले आहेत.

माझा खरा प्रश्न वेगळाच आहे. तुमची तक्रार बसची आहे. शाळा नको असं तर तुमची पोरगी कुठेच म्हणाली नाही. मग गावातच जिल्हा परिषदेची शाळा असेल, पायी दहा मिनिटांची, तिथे जाऊन पाह्यलं का? की इंग्लिश नाही म्हणून त्या बाजूला पाहिलंच नाही? पुस्तकं तर तीच बालभारतीची आहेत, तिथे फुकट मिळतात अन् वरून खिचडी. तान्ह्या पोळ्याला लाकडाचा नंदी घेऊन तुमच्यावाली पोरगी काय एकटीच फिरणार आहे?

कापूसभाऊ सावनेर

गुरुजीचं पटते मले, पण शाळेतून आल्यावरबी शेत आहेच ना. माही दोन्ही पोट्टे झेडपीतच जातात, बाकीचं मी शिकवतो, शिकवतो म्हंजे काय, सोबत घेऊन फिरतो.

पावसाची बाटली करा. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्यायची, वरचा उतार कापून तोच उलटा करून आत बसवायचा, झालं नरसाळं. बाटलीचं बूड खालीवर असते म्हणून सरळ भाग लागेपर्यंत आधी पाणी भरायचं, तिथं शून्याची खूण, त्याच्यावर पट्टी चिटकवायची. रोज सकाळी आठ वाजता पाहून वहीत लिहायचं अन् पाणी परत शून्यावर आणून ठेवायचं. मंग गणित. एक एकर म्हंजे ४,०४७ चौरस मीटर, त्याच्यावर एक मिलिमीटर पडला की ४,०४७ लिटर. माह्या पोट्ट्यानं २५ मिलिमीटरचा हिशोब केला अन् पळत आला, बाबा एका एकरात एक लाख लिटर पडलं, दहा हजारवाले दहा टँकर! दोन दिवस गावभर सांगत फिरला. गुणाकार पाठ झाला ते वेगळंच.

दुसरं म्हंजे बोंडअळीचे कामगंध सापळे, मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे. पेरणीच्या दीड महिन्यानं लावतो आपण, त्यातले पतंग मोजायचं काम पोट्ट्यांकडं. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ आठ पतंग आले की समजायचं आता फवाऱ्याचा विचार करायचा. त्याचा आलेख काढायला लावतो. यंदा माही पोट्टी सांगते बाबा अजून चारच आहेत, औषध आणू नका. वाचले ना पैसे.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगतो ताई, फवाऱ्याच्या दिवशी लेकरं घरात. पंधरा लिटरच्या पंपाले लिटरमागं दोन मिलीच्या हिशोबानं किती औषध लागते, ३० मिली, हे कागदावर करू द्या, पण डब्याले हात नाही लावू द्यायचा. २०१७ ले यवतमाळात फवारताना विषबाधा होऊन माणसं मेली ते आपण सगळ्यायनं पाह्यलं आहे.

वर्धेकर

कोणी सेवाग्रामचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितो. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली होती अन् तिथूनच गांधीजींची नई तालीम सुरू झाली, हातानं काम करता करता शिकायचं. आश्रमाजवळ आनंद निकेतन शाळा आजही चालते, मराठी माध्यम, मुलं शेती करतात, सैंपाक करतात, सूत कातून त्याचंही गणित करतात. आधी विचारून एक दिवस बघून या, नागपूरपासून ७५-८० किलोमीटर, सकाळी निघून संध्याकाळी परत. विकतचं सगळं घ्यायच्या आधी हे फुकटचं पाहून घ्या.

संत्रावाली (नंतर दोन आठवड्यांनी)

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, पावसानं लाइट नव्हती. ईएमआय बंद झाला, बँकेतल्या ताईंनीच अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. पैसे मात्र गेले ते गेलेच.

गुरुजी, तुमचं बोलणं आधी टोचलं मला, खोटं का बोलू. दोन दिवस मनात तेच. मग एक दिवस मुलीला घेऊन गावच्या शाळेत गेली. दोन शिक्षक, पाच वर्ग, अंगणात कडुनिंब, चौथीत ११ मुलं. मी मॅडमशी बोलत होती तोपर्यंत ही त्यांच्यात जाऊन लंगडी खेळून राहिली होती. मॅडम म्हणाल्या नाव घाला, शेताचं काही काम असलं तर सांगून न्या, मी समजून घेईन. सध्या अर्धं मन तिकडे आहे. मुलगा यावर्षी घरीच राहील, पुढच्या जूनमध्ये पाहू.

घरचा अभ्यास मात्र सुरूच आहे, सकाळी दीड तास, हिंगण्याच्या ताईंनी सांगितलं तसा. गणिताची दोन्ही पुस्तकं स्पायरल करून आणली. बाटलीपण लावली भाऊ, पहिल्याच रात्री कुत्र्यानं पाडली, आता तारेच्या खांबाला बांधली आहे. आणि मुलीनं संत्र्याची झाडं मोजली. सहा बाय सहा मीटरवर एकरी किती बसतील त्याचं उत्तर ११२ आलं, एका एकरात मोजून पाहिली तर ९७. मग १५ कुठे गेली विचारायला सासऱ्यांकडे. ते तिला घेऊन प्रत्येक रिकाम्या नांग्यापाशी गेले, हे डिंक्या रोगानं गेलं, याला पाणी साचलं, हे तुझ्या बाबानं ट्रॅक्टरनं पाडलं. दीड तास लागला, मुलीनं सगळं वहीत लिहिलं, बाबाचं नावपण.

मुलाला लिंबाच्या पानावर चिमणीची शिट दिसली, अन् ती चालायला लागली. आम्ही दरवर्षी जिच्यावर फवारा मारतो तीच ती अळी. काचेच्या बरणीत ठेवली, रोज ताजी पानं घालतो, आता हिरवीगार झाली आहे. बोट लावलं की डोक्यातून दोन केशरी शिंगं काढते आणि असा घाण वास सोडते की सासूबाईंनी बरणी देवघराच्या खिडकीतून उचलून पार गोठ्यात नेऊन ठेवली.

कापूसभाऊ सावनेर

हा हा, ते फुलपाखरू होते ताई, बरणीचं झाकण जाळीचं ठेवा अन् आत एक काडी उभी करा, कोषाले चिटकायले.

रिटायर गुरुजी

नाव घालायचं तेव्हा घाला. तान्ह्या पोळ्याला पोरीला शाळेत पाठवा, नंदी सजावट असतेच. विकतचा आणू नका.

संत्रावाली

विकतचा नाही गुरुजी. सासरे बाभळीचा करून राहिले आहेत, एक शिंग छोटं झालं आहे, मुलगी म्हणते तसंच राहू द्या, आपल्या गोऱ्याचंपण तसंच आहे.