पूलमध्ये बॉल न घालता मुद्दाम पांढरा लपवून ठेवला तर ती चीटिंग होते का?

पोवईनाका_ब्रेक:
मंडळी एक वाद मिटवायचाय, आमच्या ग्रुपात सरळ दोन गट पडलेत आणि शनिवारी परत खेळायचंय, त्याच्या आत काय ते नक्की कळू दे. साताऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या क्लबात एटबॉल चाललेला (पांढऱ्यानं मारून आपल्या गटाचे सगळे बॉल घालायचे आणि शेवटी काळा), हरेल त्यानं टेबलाचं भाडं द्यायचं. माझे स्ट्राइप म्हणजे पट्टेवाले, त्यातले नऊ आणि बारा राहिलेले. समोरच्याचा फक्त तीन नंबर राहिलेला आणि तो पण मधल्या पॉकेटच्या तोंडाशी, म्हणजे त्याची पाळी आली की तीन आत, मागोमाग काळा आत, गेम खल्लास. माझा एकही बॉल जाण्यासारखा नव्हता. मग मी बाराला एकदम बारीक कट दिला, बारा कुशनला म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला लागला आणि पांढरा हळूच जाऊन काळ्याच्या मागं थांबला, इतका चिकटून की मधनं चॉकचा तुकडा पण गेला नसता. त्याला तीन दिसेचना.

तर समोरचा म्हणतोय ही चीटिंग, तू बॉल घालायचा प्रयत्नच केला नाहीस, असं मुद्दाम अडवायला चालत नाही. मग त्यानं कुशनवरनं मारून बघितलं, पांढरा फिरून परत काळ्यालाच लागला, म्हणजे फाउल. मी पांढरा हातात घेऊन नऊच्या समोर ठेवायला गेलो तर म्हणे कुठंही ठेवता येत नाही, ब्रेकच्या म्हणजे पहिल्या शॉटच्या लाईनच्या मागं ठेव. तिसरा एकजण म्हणतोय दोघंपण चुकताय, फाउल झाला की पांढरा आहे तिथंच राहतो आणि दोन चान्स मिळतात. क्लबवाले काका म्हणाले तुमचं तुम्ही बघा. तर नियमात नक्की काय बसतंय?

सांगलीचा_सॉलिड:
शंभर टक्के चालतंय भावा. ह्याला सेफ्टी म्हणतात आणि हा पूलचा अर्धा खेळ आहे. जागतिक पूल संघटना म्हणजे डब्ल्यूपीएचे नियम बघितले तर त्यात बॉल घालायचा प्रयत्न केलाच पाहिजे असं कुठंही लिहिलेलं नाही. शॉट बरोबर धरायला दोनच गोष्टी लागतात. पांढरा पहिल्यांदा तुझ्या गटातल्या बॉलला लागला पाहिजे, आणि त्याच्यानंतर एकतर कुठला तरी बॉल पॉकेटमध्ये गेला पाहिजे नाहीतर कुठला तरी बॉल कुशनला लागला पाहिजे, मग तो पांढरा असला तरी चालतो. तू बाराला लावलास, बारा कुशनला लागला, विषय संपला.

एक बारकावा मात्र सांगून ठेवतो, तो आपल्याकडं फार जणांना ठाऊक नसतो. समजा तुला तुझा बॉल घालायचाय पण पुढचा शॉट खेळायचा नाहीये, कारण पुढं काहीच दिसत नाहीये, तर शॉटच्या आधी तोंडानं सेफ्टी असं सांगायचं. मग बॉल आत गेला तरी पाळी समोरच्याकडं जाते. न सांगता घातलास आणि तोच बॉल तोच पॉकेट कॉल केलेला म्हणजे आधी सांगितलेला असला तर मात्र तुलाच पुढं खेळावं लागतं, थांबता येत नाही. तुझ्या केसमध्ये काही आत गेलंच नाही त्यामुळं सांगायची पण गरज नव्हती.

कृष्णाकाठ:
नियमात बसत असंल पण मला हे पटत नाही. आपण तासाचे पैसे देऊन खेळायला जातो, मित्रामित्रात खेळ चाललाय, आणि एकजण सारखा पांढरा लपवत बसला तर समोरच्यानं करायचं काय? दोघांनी असंच सुरू केलं तर गेम रात्रभर संपायची नाही. स्पर्धेत ठीक आहे, तिथं रेफरी असतो. आमच्या मिरजेच्या ग्रुपात आम्ही सरळ ठरवलंय, प्रत्येक शॉटला काहीतरी घालायचा प्रयत्न दिसला पाहिजे.

राजवाडा_नाईनबॉल:
@कृष्णाकाठ दादा, तुमच्या ग्रुपनं आधी ठरवलंय ना, मग तुमच्यापुरतं ते बरोबरच आहे. पण ह्यांच्यात आधी काहीच ठरलं नव्हतं आणि हरायला लागल्यावर नियम काढला, ते मला खटकतं. आणि प्रयत्न दिसला पाहिजे म्हणजे दिसणार कसा? मी लांबनं अशक्य बँक, म्हणजे बॉल कुशनवरनं उलटवून घालायचा शॉट, कॉल करायचा, मुद्दाम हळू मारायचा आणि पांढरा हवा तिथं नेऊन ठेवायचा, मग तुम्ही काय म्हणणार? मनात काय होतं ते कुणाला मोजता येत नाही, म्हणून नियम फक्त बॉल कुठं लागला एवढंच बघतो. कॅरमला पण आपण समोरच्याची सोंगटी जाऊ नये म्हणून आपली मधी आणून ठेवतोच की, त्याला कुणी चीटिंग म्हणत नाही.

रात्रभर संपणार नाही ह्याची पण सोय आहे. कुणीच पुढं सरकत नाहीये असं दिसलं की रेफरी तसं सांगतो, मग दोघांना तीन तीन पाळ्या मिळतात, तरी काही झालं नाही तर रॅक परत लावायचा, म्हणजे सगळे बॉल पहिल्यासारखे मांडायचे, आणि पहिल्यांदा ज्यानं ब्रेक केलेला त्यानंच परत ब्रेक करायचा. रेफरी नसला तर दोघांनी मिळून ठरवायचं. पण खरं सांगू का, क्लबात ही वेळ सहसा येतच नाही, कारण चांगली सेफ्टी मारणं बॉल घालण्यापेक्षा अवघड असतं. पांढऱ्याचा वेग वीतभर चुकला की समोरच्याला उघडं मैदान. पंकज अडवाणीचे स्नूकरचे सामने बघा, कितीतरी वेळ दोघं एकही बॉल न घालता नुसते पांढरा लपवत असतात आणि तोच बघण्यासारखा भाग असतो.

आता पांढरा कुठं ठेवायचा ते. एटबॉलमध्ये साधा फाउल झाला की पांढरा हातात, टेबलावर कुठंही, म्हणजे तू नऊच्या समोर ठेवत होतास ते बरोबर. लाईनच्या मागं ठेवायचं ते फक्त ब्रेकवर फाउल झाला तर. दोन चान्सचा प्रकार इंग्लंडमधल्या छोट्या टेबलावरच्या लाल-पिवळ्या बॉलच्या पूलमधनं आलाय, तो खेळच वेगळा. आपल्याकडं दोन्हीची खिचडी झालीये, म्हणून एका क्लबात एक आणि दुसऱ्यात दुसरंच ऐकायला मिळतं.

पोवईनाका_ब्रेक:
लई भारी समजलं, धन्यवाद सगळ्यांना. अजून दोन गोष्टी ज्यावर आमची कायम भांडणं होतात. एक, काळा मारताना पांढरा आत गेला तर गेम हरला ना? आणि दोन, समोरचा जिंकायला आलाय म्हणून मी मुद्दाम फाउलच केला, पांढऱ्याला नुसता क्यू टेकवला, तर ते चालतं का?

सांगलीचा_सॉलिड:
काळा आणि पांढरा दोन्ही आत गेले तर हरलास. पण काळा बाहेरच राहिला आणि नुसता पांढरा गेला तर तो साधा फाउल आहे, समोरच्याला पांढरा हातात मिळतो, गेम चालूच राहते. इथं आपल्याकडं बहुतेक जण गेम संपवून टाकतात, ते नियमात नाही. बाकी काळा चुकीच्या पॉकेटमध्ये गेला, तुझे बॉल शिल्लक असताना गेला किंवा टेबलाबाहेर उडाला तर गेलीच.

मुद्दाम फाउल करता येतो, त्याची शिक्षा साधीच, पण एटबॉलमध्ये त्याचा फायदा क्वचितच होतो कारण समोरच्याला पांढरा हवा तिथं ठेवता येतो. नऊ बॉलच्या नाईनबॉलमध्ये तर लागोपाठ तिसरा फाउल केलास की रॅकच म्हणजे ती गेमच गेली. आणि एक आहे, क्यू पांढऱ्याच्या खाली घालून त्याला चमच्यासारखा उचलायचा, ते मात्र मुद्दाम करणं खिलाडूपणाच्या विरोधात धरतात. जंप मारायचा, म्हणजे पांढरा दुसऱ्या बॉलवरनं उडवायचा, तर क्यू वर उचलून वरनं खाली मारायचा. क्लबवाले कापड फाटंल म्हणून नको म्हणतात तेव्हा त्यांचं ऐकायचं, टेबल त्यांचं आहे.

तीन_नंबरवाला:
मीच तो समोरचा. लिंक मला ग्रुपवर मिळाली. सेफ्टी चालते आणि पांढरा कुठंही ठेवता येतो हे मान्य, चीटिंग हा शब्द मागं घेतो. पण ह्यानं एक गोष्ट सांगितलीच नाही. बारा शॉटच्या आधीपासनंच कुशनला टेकलेला होता. ह्यानं कट दिल्यावर तो कुशनला घासतच चार बोटं पुढं सरकला. पांढरा पण कुठल्या कुशनला लागला नाही. मग तो शॉट बरोबर कसा?

पोवईनाका_ब्रेक:
टेकलेला नव्हता, थोडी फट होती, मी वाकून बघितलेलं.

राजवाडा_नाईनबॉल:
हा मुद्दा खरंच महत्त्वाचा आहे. आधीपासनं टेकलेला बॉल त्याच कुशनला घासत गेला तर तो कुशनला लागला असं धरत नाहीत. एकतर तो सुटून परत यायला पाहिजे नाहीतर दुसऱ्या कुशनला लागायला पाहिजे. म्हणजे खरंच टेकलेला असता तर हा फाउल होता आणि पांढरा तुझ्या हातात आला असता, तीन समोरच होता.

पण टेकलाय की नाही हे शॉटच्या आधी सांगावं लागतं. खेळणाऱ्यानं सांगा, समोरच्यानं सांगा नाहीतर रेफरीनं, कुणीच बोललं नाही तर टेकलेला नाही असंच धरतात. तू आधी बोलला नव्हतास. आणि फाउल झाला असं वाटलं तरी पुढचा शॉट मारायच्या आधी म्हणावं लागतं, तू तर कुशनवरनं मारून मोकळा झालास, तिथंच तो विषय संपला. शनिवारी बॉल कुशनच्या जवळ दिसला की दोघांनी वाकून बघा, टेकलाय का ते मोठ्यानं बोला, मगच मारा. त्या गेमचं भाडं मात्र तुझ्याकडंच.

तीन_नंबरवाला:
बरं, देतो. शनिवारी ब्रेक माझा.